ऑरेंज काउंटीचे जुने कागद: जमिनीच्या दस्तांतून गुलामीतली माणसं कशी शोधायची

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ट्रायँगलमध्ये, म्हणजे राली, डरहम, चॅपल हिल, कॅरी या पट्ट्यात, घर घेताना वकील टायटल बघतो ते साधारण तीस वर्षं मागपर्यंत. राज्याच्या कायद्याला तेवढं पुरतं. सातबारा आणि फेरफार बघत वाढलेल्या माणसाला ते पुरत नाही. "त्याच्या आधी कोणाची होती?" हे आपल्याकडे चहा यायच्या आत विचारून होतं. मी डरहमच्या उत्तरेला घर घेतलं आणि असाच एकेक दस्त मागे जात राहिलो. १८६५ च्या, म्हणजे गुलामी संपली त्या वर्षाच्या पलीकडे गेल्यावर वही तीच राहिली, अक्षराचं वळणही तेच, पण मजकूर बदलला. जमिनीच्या एका खरेदीखताखाली, त्याच शाईत, एका मुलीचं खरेदीखत होतं.

तेव्हापासून शनिवार-रविवारचा माझा बराचसा वेळ या कागदांत जातो. ओळखीतले लोक विचारतात, सुरुवात कुठून करायची? म्हणून हे सविस्तर लिहितोय. काउंटी एकच घेतो, ऑरेंज. दक्षिणेतल्या इतर काउंट्यांत कायदे थोडे वेगळे निघतील, पण शोधायची रीत साधारण हीच.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. दस्तांच्या सूचीत नाव असतं विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं. जिला विकलं तिचं नाव सूचीत नसतं. त्यामुळे गुलामीत असलेल्या माणसाला नावानं थेट शोधायला गेलात की हात रिकामे राहतात. आधी जमीन धरायची, जमिनीवरून मालक, आणि मग मालकाचे सगळे कागद ओळ न ओळ वाचायचे.

पहिली पायरी: काउंटी नक्की करा

इथे मी स्वतः एक आख्खा दिवस घालवला आहे. घर डरहम काउंटीत, म्हणून १८५० चे दस्तही डरहममध्येच असणार असं धरून चाललो. डरहम काउंटी जन्मली १८८१ मध्ये! त्याआधी तो बहुतेक भाग ऑरेंजमध्ये होता आणि काही तुकडा वेकमध्ये.

ऑरेंज १७५२ मध्ये झाली. तेव्हा ती अवाढव्य होती. १७७१ मध्ये चॅटम निघाली, त्याच वर्षी वेक आणि गिलफर्डसाठीही तिचे तुकडे गेले. १७७७ मध्ये कॅसवेल, १८४९ मध्ये अलामान्स, १८८१ मध्ये डरहम. तालुका फुटला तरी जुनं दप्तर मूळ ठिकाणीच राहतं, तसंच इथे. म्हणून आजच्या पत्त्यावर जाऊ नका. ज्या वर्षाचा कागद हवा त्या वर्षी ती जागा कोणत्या काउंटीत होती ते बघा. ऑरेंजचं मुख्य ठिकाण हिल्सबरो. दस्त तिथल्या रजिस्टर ऑफ डीड्सकडे. न्यायालयाचे, वारसाचे आणि कराचे जुने कागद मोठ्या प्रमाणात रालीच्या राज्य अभिलेखागारात, तेही काउंटीवार लावलेले.

दुसरी पायरी: जमीन मागे मागे नेत जा

काउंटीच्या कर विभागाच्या नकाशावर आपला प्लॉट उघडला की शेवटच्या दस्ताचा पुस्तक क्रमांक आणि पान क्रमांक मिळतो. तो दस्त वाचा. शेवटाकडे बहुतेक वेळा एक वाक्य असतं की ही तीच मिळकत, जी अमुक पुस्तकाच्या अमुक पानावरच्या दस्तानं मिळाली. ते तुमचं पुढचं पान. जिथे असं वाक्य नसेल तिथे सूचीकडे वळायचं. दुय्यम निबंधकाकडे आपण इंडेक्स टू काढतो, तसल्याच या सूच्या, फक्त दोन वेगवेगळ्या: 'ग्रँटर' म्हणजे देणाऱ्यांची आणि 'ग्रँटी' म्हणजे घेणाऱ्यांची. ज्यानं विकलं त्याचं नाव ग्रँटी सूचीत शोधा, म्हणजे त्याला ती जमीन कधी मिळाली ते कळतं. मग ज्यानं त्याला दिली त्याचं नाव. असं एकेक घर मागे.

साखळी हमखास तुटते ती वारसाहक्कापाशी. बापाकडून मुलाकडे जमीन गेली तर दस्त होतोच असं नाही, मृत्युपत्रावर किंवा वाटपावर काम भागतं. त्यामुळे सूचीत काही नाही म्हणून हताश होऊ नका, मृत्युपत्रांची पुस्तकं काढा. दुसरी तुटण्याची जागा म्हणजे लग्न झालेल्या मुली. त्या नवऱ्याच्या आडनावाखाली सापडतात. तिसरी, कर्जापोटी शेरीफनं केलेला लिलाव. त्यात विकणारा म्हणून शेरीफचंच नाव असतं. आणि 'सीनियर', 'ज्युनियर' बघून बाप-लेक ठरवून टाकू नका. त्या काळी एकाच भागात एकाच नावाचे दोघे असले की थोरल्याला सीनियर म्हणत आणि धाकट्याला ज्युनियर, नातं असो वा नसो.

जुन्या दस्तात गट नंबर नसतो, चतुःसीमा असते, आणि ती चालत मोजल्यासारखी लिहिलेली: अमुक पांढऱ्या ओकपासून सुरू, तिथून दक्षिणेला इतके पोल ओढ्यापर्यंत, मग ओढ्याच्या वळणांबरोबर खुंटीपर्यंत. पोल म्हणजे साडेसोळा फूट, चार पोलांची एक चेन, म्हणजे ६६ फूट. हे आकडे आपल्याला परके नाहीत. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे अर्ध्या चेनचा चौरस. एक चौरस चेन म्हणजे चार गुंठे, दहा चौरस चेन म्हणजे एकर. इंग्रजांनी तीच साखळी दोन्हीकडे ओढली. मी दस्तातल्या रेषा आलेखाच्या कागदावर काढतो आणि आजच्या नकाशावर ठेवून बघतो. ओक कधीच गेलेला असतो, पण ओढा बहुतेक वेळा जागेवर सापडतो.

अगदी मुळाशी गेलात तर अनुदान लागतं, म्हणजे 'लँड ग्रँट', जमीन पहिल्यांदा कोणाला दिली त्याचा मूळ कागद. नॉर्थ कॅरोलायनाचा उत्तरेकडचा साधारण अर्धा भाग लॉर्ड ग्रॅनव्हिल या इंग्रज उमरावाच्या मालकीचा होता. त्यानं अमेरिकेत कधी पाऊलही टाकलं नाही, जमिनी वाटल्या त्या त्याच्या मुनीमांनी. तो १७६३ मध्ये वारला, त्याचं कार्यालय बंद पडलं, आणि नव्या राज्यानं अनुदानं सुरू केली ती १७७८ पासून. त्यामुळे मधल्या पंधरा वर्षांत काही सापडलं नाही तर शोधणारे चुकले असं समजू नका. अनुदानांच्या फायली अभिलेखागारात आहेत आणि त्यांची सूची इंटरनेटवर फुकट बघता येते.

तिसरी पायरी: त्याच पुस्तकातले माणसांचे दस्त

आता मालकांची नावं हातात आली. ग्रँटर आणि ग्रँटी, दोन्ही सूच्यांत त्या नावांसमोरचे सगळे दस्त काढा, जमिनीचे नसलेलेही. नॉर्थ कॅरोलायनात गुलाम ही जंगम मालमत्ता, आणि तिचे व्यवहार जमिनीच्या पुस्तकांतच नोंदवले जात. तीन प्रकार मुख्यतः दिसतील.

बिल ऑफ सेल म्हणजे खरेदीखत. साचा ठरलेला: इतक्या डॉलरांच्या बदल्यात, अमुक नावाची, अंदाजे इतक्या वर्षांची नीग्रो मुलगी, शरीरानं व मनानं निरोगी. हा शब्द कागदातला आहे, उतरवून घेताना तसाच उतरवा, आपल्या बोलण्यात आणू नका.

डीड ऑफ गिफ्ट म्हणजे बक्षीसपत्र. बाप मुलीच्या लग्नात तिला एखादी मुलगी 'देतो'. मोबदला म्हणून लिहिलेलं असतं 'प्रेम आणि माया'. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुढे वाचायचं थांबलो होतो. यातच बहुतेकदा एक छोटं कलम असतं: तिच्यासह तिची पुढची 'इन्क्रीज'. गाय देताना वासरांचं लिहावं तसं, अजून न जन्मलेल्या लेकरांचं. नातेवाईक शोधणाऱ्याला हे कलम फार कामाचं आहे, कारण त्यावरून आई कोणाच्या घरी गेली आणि मुलं पुढे कोणाच्या नावावर दिसणार ते कळतं.

डीड ऑफ ट्रस्ट म्हणजे साधारण गहाणखत. कर्जासाठी जमीन, घोडे, खाटा आणि माणसं एकाच यादीत तारण. माझ्या मते नवख्यानं सर्वात आधी हीच काढावीत. कर्ज देणारा काटेकोर असतो, म्हणून याद्यांत एकेकाचं नाव आणि वय येतं. मात्र तारण ठेवलं म्हणजे विकलं असं नव्हे. कर्ज फिटलं का, हे पुढच्या पानांत बघावं लागतं.

हे सगळं एकट्यानं चाळायला नको. ग्रीन्सबरोच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठानं राज्यातल्या काउंट्यांचे असे दस्त 'पीपल नॉट प्रॉपर्टी' या नावानं एकत्र केले आहेत. त्यात गुलामीतल्या माणसाच्या नावानंही शोध घेता येतो, म्हणजे सूचीनं जे गाळलं ते तिथे भरून काढलंय. त्याच विद्यापीठाच्या संग्रहात पळून गेलेल्यांच्या जाहिरातीही आहेत. जुन्या वर्तमानपत्रांत मालक देत असत त्या. अंगावरचे व्रण, बोलण्याची ढब, कोणत्या गावी बायको आहे, हे मालक पकडण्यासाठी लिहायचा. आता तेच वर्णन वंशजांच्या उपयोगी पडतं.

चौथी पायरी: मालक मेल्यानंतरचे कागद

सगळ्यात जास्त नावं इथे सापडतात. मालक जिवंत असेपर्यंत गुपचूप चाललेला कारभार तो मेल्यावर न्यायालयासमोर उघडा पडतो. १८६८ पर्यंत हे काम काउंटीच्या 'प्लीज अँड क्वार्टर सेशन्स' न्यायालयाकडे होतं, दर तिमाहीला भरणारं. १८६८ च्या नव्या राज्यघटनेनं ते मोडलं आणि वारसाची कामं सुपीरियर कोर्टाच्या क्लार्ककडे गेली. तुमच्या मालकाचा मृत्यू कोणत्या बाजूला पडतो ते आधी बघा. मृतांच्या मालमत्तेच्या फायली अभिलेखागारात काउंटीवार आणि मृताच्या नावानं लावल्यात. त्यांच्या प्रतिमा फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट आहेत, फक्त खातं उघडावं लागतं.

फाइल उघडली की घड्या घातलेले सुटे कागद. क्रमाची अपेक्षा धरू नका. पहिली असते मालमत्तेची यादी. ती मी वाचतो तशी वाचून बघा: दोन नांगर, कुऱ्हाड, पितळी पातेलं, तांबडी गाय व वासरू, एका पुरुषाचं नाव, एका बाईचं नाव 'आणि मूल', मग पिसांची गादी. पसाऱ्यात माणसं कुठे लिहिली आहेत याकडे लक्ष द्या. बाईच्या लगेच खाली लहान वयाची नावं असतील तर ती तिची मुलं असण्याची शक्यता असते. शक्यताच, पुरावा नव्हे. पेन्सिलीनं बाजूला प्रश्नचिन्ह काढून ठेवा.

मग वाटप. न्यायालय पंच नेमायचं. पंच माणसांच्या किमती ठरवून जवळपास सारख्या किमतीचे गट पाडायचे आणि एकेक गट एकेका वारसाला जायचा. एखादा गट भारी झाला तर त्या वारसानं हलक्या गटवाल्याला रोख रक्कम देऊन तोल साधायचा. आपल्याकडे भावकीच्या वाटण्यांत हेच होतं, शेत आणि विहिरीबाबत. इथे गट क्रमांक एकमध्ये आई आणि गट क्रमांक तीनमध्ये तिचा मुलगा. वाटपाचा कागद मिळाला की प्रत्येक वारस ही स्वतंत्र वाट होते. त्याच्या नावानं तिसरी पायरी पुन्हा सुरू. कंटाळवाणं काम आहे, पण याला आडवाट नाही.

वारस अज्ञान, म्हणजे वयानं लहान असतील तर पालकाचे हिशेब काढा. पालक त्या मुलांच्या वाट्याची माणसं दरसाल, बहुतेकदा नवीन वर्षाच्या सुमारास, भाड्यानं लावायचा आणि कोणाला किती डॉलरला दिलं ते न्यायालयाला दाखवायचा. म्हणजे एखादा माणूस कागदोपत्री एका घरचा आणि राबत होता दुसऱ्याच्या शेतावर. भाड्यानं घेणाऱ्याच्या हाती किती सत्ता होती? १८२९ च्या 'स्टेट विरुद्ध मॅन' खटल्यात लिडिया नावाच्या बाईला भाड्यानं घेतलेल्या माणसानं गोळी घातली होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याची शिक्षा रद्द केली. निकाल लिहिणारा न्यायमूर्ती टॉमस रफिन, हिल्सबरोत वकिलीत वाढलेला.

पाचवी पायरी: कर आणि शिरगणती

ही पायरी झटपट. करयाद्यांत मालकाच्या नावापुढे एकर आणि 'ब्लॅक पोल' (हा मोजमापाचा पोल नव्हे) म्हणजे १२ ते ५० वयाचे करपात्र गुलाम, एवढाच आकडा. दोन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवल्या आणि आकडा एकदम घटला, की त्या काळातलं विक्रीखत किंवा मृत्यू शोधा. १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत 'स्लेव्ह शेड्यूल' नावाचे वेगळे तक्ते आहेत. मालकाचं नाव पूर्ण, खाली नुसती वयं, लिंग आणि रंग. १८६० मध्ये या राज्यात ३,३१,०५९ माणसं गुलामीत मोजली गेली. तक्त्यांत जवळजवळ सगळी बिननावाची. लोक सुरुवात इथून करतात आणि निराश होतात. हा तक्ता ताळा करायला ठेवा, शोधायला नको.

सहावी पायरी: घराण्यांचे आणि संस्थांचे कागद

मालक मोठा असेल तर त्याच्या घरचं दप्तर एखाद्या ग्रंथालयात असण्याची शक्यता बरीच. या भागातलं सर्वात मोठं नाव बेनेहन-कॅमरन. त्यांचं स्टॅगव्हिल आज डरहम काउंटीत राज्याचं ऐतिहासिक स्थळ आहे. १८६० पर्यंत त्यांच्याकडे सुमारे ३०,००० एकर जमीन आणि जवळपास ९०० माणसं गुलामीत होती. घराण्याचे कागद चॅपल हिलच्या विल्सन ग्रंथालयात आहेत. कपडा, जोडे कोणाला किती दिले याच्या याद्या आहेत, कुटुंबवार. चोळखणाच्या हिशेबासारखी एक कोरडी यादी, आणि तिच्यात आई, बाप, मुलं एका ओळीत. न्यायालयाच्या कुठल्याही कागदात हे मिळत नाही. याच घराण्यातल्या पॉल कॅमरननं १८४४ मध्ये ११४ जणांना इथून अलाबामात हलवलं. म्हणजे ऑरेंजमध्ये माग संपला तर तो संपलेला नसतो, राज्य बदललेलं असतं.

स्टॅगव्हिलला एकदा जाऊनच या. हॉर्टन ग्रोव्हमध्ये १८५० च्या सुमाराची दुमजली लाकडी घरं उभी आहेत, घरात चार खोल्या, खोलीत एक कुटुंब. धुराड्याच्या विटांवर बोटांचे ठसे आहेत, ओल्या मातीत उमटलेले. मार्गदर्शक दाखवतात.

विद्यापीठही विसरू नका. बेवारस मालमत्ता चॅपल हिलच्या विद्यापीठाकडे जावी असा कायदा १७८९ मध्ये झाला होता. त्या मालमत्तेत माणसंही होती आणि ती विकून आलेला पैसा विद्यापीठात लागला. ते कागदही विल्सनमध्येच.

चर्चच्या नोंदवह्या हा आणखी एक दुर्लक्षित साठा. चॅपल हिलच्या चॅपल ऑफ द क्रॉसमध्ये १८५४ मध्ये मेरी रफिन स्मिथ या जमीनदारणीच्या घरच्या 'सेवक' मुलांचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. त्यातली एक कॉर्नेलिया. तिची आई हॅरिएट गुलाम, बाप मेरीचाच भाऊ, बळजबरीनं झालेला. कॉर्नेलियाची नात पॉली मरे पुढे नामांकित वकील झाली, आणि १९७७ मध्ये एपिस्कोपल चर्चची पहिली कृष्णवर्णीय स्त्री धर्मगुरू म्हणून त्याच चॅपलमध्ये उपासना चालवायला उभी राहिली.

सातवी पायरी: १८६५ ते १८७० ओलांडणं

एप्रिल १८६५ मध्ये बेनेट नावाच्या शेतकऱ्याच्या घरी, तेव्हाच्या ऑरेंज काउंटीतच, यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या जनरल जॉन्स्टननं उत्तरेच्या जनरल शर्मनपुढे शरणागती पत्करली. पुढच्या पाच वर्षांचे कागद म्हणजे पूल. पलीकडच्या तीरावर १८७० ची शिरगणती, जिच्यात सगळ्यांची नावं आणि आडनावं आहेत. अलीकडे मालकाची यादी.

पुलाचा पहिला खांब १८६६ च्या सहजीवन नोंदी. गुलामांच्या लग्नाला कायद्यात अर्थ नव्हता. राज्यानं १८६६ मध्ये सांगितलं की नवरा-बायको म्हणून राहणाऱ्यांनी क्लार्क किंवा जस्टिस ऑफ द पीस यांच्यापुढे येऊन नाव आणि किती वर्षं एकत्र आहोत ते नोंदवावं. फी पंचवीस सेंट. 'तीस वर्षं' असं लिहिलेली नोंद वाचली की लग्न १८३६ च्या सुमाराचं ठरतं, आणि तेव्हाच्या दोन मालकांची घरं एकमेकांच्या जवळ होती का ते दस्तांवरून बघता येतं. दुसरा खांब फ्रीडमेन्स ब्युरोचे, म्हणजे गुलामीतून सुटलेल्यांसाठीच्या सरकारी कार्यालयाचे, मजुरीचे करार. तेही फॅमिलीसर्चवर.

सापळा एकच सांगतो. आडनाव शेवटच्या मालकाचंच असेल असं धरू नका. अनेकांनी आधीच्या मालकाचं घेतलं, काहींनी बापाचं, काहींनी मनाला आलं ते. नाव, वय, आई, शेजारी, जमीन यांतले किमान तीन धागे जुळले तरच 'हीच ती' असं लिहा.

अभिलेखागारात जाताना

फक्त पेन्सिल. शाईचं पेन, पिशवी, पाणी बाहेरच्या कपाटात. जाण्याआधी पुस्तक आणि फाइल क्रमांक घरून काढून न्या, म्हणजे तिथला वेळ वाचण्यात जातो. जुनं अक्षर पहिल्या दिवशी मोडीसारखं छळतं. एकाच कारकुनाची दहा पानं वाचा, त्याच्या हाताची सवय झाली की सुटतं. शब्दाच्या मधला लांब 'एस' 'एफ'सारखा दिसतो. मी प्रत्येक नोंदीला पाच रकाने ठेवतो: तारीख, पुस्तक-पान, मालक, गुलामीतल्या माणसाचं नाव आणि वय जसं लिहिलंय तसं, आणि त्या दस्तातल्या सगळ्या साक्षीदारांची नावं. साक्षीदार बहुतेक शेजारी असतात, आणि पुढचा दस्त अनेकदा शेजाऱ्याच्याच पुस्तकात निघतो.

एवढं झालं की सूचीकडे पुन्हा या, या वेळी १८६५ नंतरच्या. आता त्याच माणसांची नावं घेणाऱ्यांच्या रकान्यात शोधायची. काहींची निघतात, बहुतेकांची आधी निघतात ती येणाऱ्या पिकावर घेतलेल्या कर्जाच्या गहाणखतात. आणि कॉर्नेलियाचं नाव ग्रँटी सूचीत दिसलं नाही तर शोध सोडू नका. मेरी रफिन स्मिथ १८८५ मध्ये वारली तेव्हा तिनं कॉर्नेलियाला १०० एकर ठेवले ते मृत्युपत्रानं. मृत्युपत्रांचं पुस्तक वेगळं असतं.